बिजागरीचा कान

मिरच्यांच्या रश्श्याचं, मोलेचं पातेलं अजून अर्धंही रिकामं झालं नव्हतं, तोच एराक्लियोनं खुर्चीखालून कापडी पिशवी ओढली, आईच्या फोटोसमोरच्या मेणबत्त्या मनगटानं बाजूला सारल्या आणि फुटका प्रेस टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आदळलाच. ताटांतला भात उडाला.

“हा नववा,” तो म्हणाला.

 प्रेस म्हणजे काय हे त्या घरात सांगायला नको होतं. शिंपल्यासारखी दोन जाड गोल ताटं, मागे बिजागरी, पुढे दांडा. मध्ये मक्याच्या पिठाचा गोळा ठेवायचा, शिंपला मिटायचा, दांडा दाबायचा. उघडला की तोर्तिया, मक्याची पातळ भाकरी, तयार. आपिसाको गावातल्या निम्म्या चुलींशेजारचे प्रेस याच अंगणातल्या भट्टीतून ओतून गेलेले होते. पण ह्या प्रेसचं वरचं ताट खालच्यापासून सुटं झालं होतं. बिजागरीचा एक कान मुळातूनच तुटला होता.

एराक्लियोची बहीण ओतिलिया, हिचा अंगठा आपोआप त्या तुटक्या कडेवरून फिरला. चव्वेचाळीस वर्षांच्या तिच्या आयुष्यातली सव्वीस वर्षं हेच कान कानशीनं घासण्यात, त्यांना भोकं पाडण्यात आणि त्यात खिळा ठोकण्यात गेली होती. चांगलं ॲल्युमिनियम तुटलं तर कड चकचकते. ही कड करडी होती, ओलसर साखरेसारखी रवाळ.

“कुणाचा आहे?” टेबलाच्या टोकाला बसलेल्या अप्पांनी विचारलं. गावात आदरानं डॉन माक्लोव्हियो तलापाले, वय शहात्तर, आजही अंगात कोट आणि गळ्याशी बटण लावलेलं.

“दोन्या मॅक्सिमाचा. बाजारातली तोर्तियावाली बाई, तिसऱ्या रांगेतली,” एराक्लियो म्हणाला. तो थोरला, पुढचं दुकान त्याच्याकडे, आणि दुकानदारासारखाच तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा. “गुरुवारी सकाळी तिनं नेहमीसारखा जोर दिला. कान तुटला, तोल गेला आणि हात सरळ तापलेल्या तव्यावर. अख्खा तळवा भाजलाय. बाजारात काय बोलतायत माहितीय? माक्लोव्हियोचा प्रेस घेण्यापेक्षा हातानं थापलेलं बरं.”

“देवळातल्या आईच्या मिस्सेची प्रार्थना होऊन दोन तास झाले नाहीत,” धाकटी नातिविदाद म्हणाली. “वर्षाचा दिवस तिचा. आजच काढायचं होतं तुला?”

“मग कधी काढू, नाती? दहाव्या बाईचा हात भाजल्यावर?”

“बोल मग. आडून आडून बोलू नकोस.”

“आडून कशाला? साधा हिशेब आहे. अप्पा माल निवडतात. मी विकतो. ओती घासते. मधे भट्टी कुणाची? भंगार आणतं कोण?”

“नाव घे ना. जीभ झडणार नाही.”

“सेव्हेरो,” एराक्लियो म्हणाला.

नातीचा नवरा सेव्हेरो ताटातली तोर्तिया मोडत होता, तो थांबला. वेराक्रुसच्या किनाऱ्यावरून तो या घरात आला त्याला अठरा वर्षं झाली होती, तरी चिडलं की एराक्लियो त्याला अजून ‘कोळी’ म्हणायचा. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या थोरल्या मुलीची ओतिलिया धर्ममाता, म्हणून तो तिला ‘कोमाद्रे’ म्हणायचा आणि कधी अरे-तुरे करायचा नाही.

“मी डॉन फेर्मिनकडून भंगार आणतो,” सेव्हेरो म्हणाला. “जे आधी आणत होतो तेच.”

“मग एका वर्षात नऊ कान कसे तुटले?”

सेव्हेरोनं एकदा ओतिलियाकडे पाहिलं. अगदी क्षणभर. तिनं मान खाली घातली.

अप्पांनी हात वर केला. त्या हाताला घर अजून मानत होतं.

“छप्पन्न वर्षं मी भंगार निवडतोय,” ते म्हणाले. “माझ्या बापानं रेल्वेच्या कारखान्यात शिकून मला शिकवलं. तुकडा दगडावर टाकायचा आणि ऐकायचं. डोळा फसतो, वजनही फसवतं, आवाज फसवत नाही. ज्यानं ॲल्युमिनियम ठिसूळ होतं तो जस्ताचा खडा माझ्या ढिगात कधी गेला नाही आणि माझा एकही कान तुटला नाही. म्हणजे माझ्या ढिगानंतर, मुशीत, काहीतरी मिसळतंय.” ते थांबले. “उद्यापासून भट्टी एराक्लियो बघेल.”

नातीच्या हातातला चमचा खाली पडला.

सेव्हेरो उठला. त्यानं तोंड पुसलं, खिशातून भट्टीच्या कुलपाची किल्ली काढली आणि फुटक्या प्रेसशेजारी ठेवली.

“अठरा वर्षांनी चोर ठरवलंत, डॉन माक्लोव्हियो.”

“चोर कुणी म्हटलं?” अप्पा म्हणाले.

“काय?”

“मी म्हणतोय, चोर कुणी म्हटलं तुला?”

“तुम्हीच आत्ता,” सेव्हेरो म्हणाला आणि अंगणात निघून गेला.

“आम्ही वेराक्रुसला जातो,” नाती म्हणाली.  “तिथे मासे विकू. माशाला कान नसतात.” तीही उठली.

ओतिलियानं ताटं गोळा करायला सुरुवात केली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. सेव्हेरोनं तिच्याकडे का पाहिलं ते तिला पक्कं माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी तो कानशीच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला होता. “कोमाद्रे, रस नीट वाहत नाहीये,” तो म्हणाला होता. “मुशीवर राख जास्त येतेय. एकदा अप्पांच्या ढिगाकडे बघाल का?” तिनं कानस न थांबवता उत्तर दिलं होतं, “अप्पांना शिकवायला निघालास तू? भट्टी बघ तुझी.” तो परत गेला होता. आणि त्यानंतर कानस चालवताना तिलाही ते जाणवत होतं. कानशीचे दात भरून येत होते. घासलेल्या कानावर चकाकी येत नव्हती. तिनं कानस बदलली होती, एवढंच.

फाटक वाजलं. भंगारवाला डॉन फेर्मिन आला होता, टोपी छातीशी धरून. रविवारी तो हुआमांतला गावाहून उशिरा परतायचा, त्यामुळे त्याला मिस्सा मिळाली नव्हती. ओतिलियानं त्याला स्वयंपाकघरातच बसवलं, मोले वाढला, तोर्तिया गरम करून दिल्या. बाहेरच्या खोलीत एराक्लियो अप्पांना काहीतरी समजावत होता, त्याचे तुकडे ऐकू येत होते.

“तुझ्या आईसारखी, दोन्या एलोदियासारखी बाई होणे नाही,” फेर्मिन जेवता जेवता म्हणाला. “मला तर दर शनिवारी तिची आठवण येते. बादली नाही ना आता.”

“कसली बादली?”

“जस्ताची. कार्ब्युरेटर, दरवाज्याच्या मुठी, असलंच काहीबाही. तुमच्या ढिगातून निघालेलं. ती मागच्या दारानं द्यायची, बदल्यात मी तेवढंच चांगलं ॲल्युमिनियम टाकून जायचो. म्हणायची, ‘फेर्मिन, तोंड बंद ठेव, जेवायला मिळेल.’” तो हसला. “जेवायला मिळायचंही. आता वर्ष झालं, एक तुकडा परत नाही. म्हटलं, डॉन माक्लोव्हियोंचे कान परत तरुण झाले की काय.”

ओतिलियाची तव्यावरची तोर्तिया करपली.

“किती वर्षं द्यायची ती बादली?”

“सहा. नाही, सात. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं त्या साली सुरू झालं.” त्याचा घास हातातच राहिला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो हळू आवाजात म्हणाला, “तुला ठाऊक नव्हतं होय? देवा. मी बोलायला नको होतं.”

आई रोज संध्याकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला भट्टीच्या शेडमागे जायची. अर्धा अर्धा तास लागायचा तिला. नाती चिडवायची, आई कोंबड्यांना गोष्टी सांगते म्हणून.

ओतिलिया कानस एप्रनमध्ये लपवून शेडमध्ये गेली. उद्याच्या ओतकामासाठी अप्पांनी निवडून ठेवलेली टोपली मुशीशेजारी भरून होती. तिनं एकेक तुकडा हातात घेतला, जड वाटला की कानस मारली. पिस्टन, चांगला. पातेल्याचा बूड, चांगला. कार्ब्युरेटरचं झाकण: कानशीचे दात लगेच करड्या पिठानं भरले. बाजूला. दाराची मूठ, बाजूला. टोपली तळाशी आली तेव्हा तिच्या पायाशी अकरा तुकडे होते.

“दिसलं?” दारातून सेव्हेरोचा आवाज आला.

“तू परत का नाही सांगितलंस मला?”

“एकदा सांगितलं होतं, कोमाद्रे. तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय ना? त्यानंतर मला दिसेल तेवढं मी काढत होतो. पण एकदा मूस तापली की एकेक तुकडा कोण बघत बसणार?” तो थोडा थांबला. “आणि खरं सांगू? म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगायची हिंमत मला नव्हती. त्यांनी मला मुलगी दिली.”

“आत्ता टेबलावर तरी बोलायचंस.”

“जावयानं? तुमच्या आईच्या फोटोसमोर? नाही. ते घरच्या माणसानं बोलायचं असतं.”

ओतिलियानं अकरा तुकडे बादलीत भरले. रागानं म्हणावं तर राग नव्हता. दोन महिने ज्या कामाकडे पाठ केली ते पुढ्यात येऊन उभं राहिलं होतं, आणि आता ते केल्याशिवाय ती जेवणार नव्हती की झोपणार नव्हती.

ती बादली घेऊन बाहेरच्या खोलीत आली. मागोमाग सेव्हेरो, नाती आणि मान खाली घातलेला फेर्मिन.

“अप्पा, मी जे बोलणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही.”

“मग बोलू नकोस,” एराक्लियो म्हणाला.

“मी तुझ्याशी बोलत नाहीये. अप्पा, सेव्हेरोनं मुशीत काही मिसळलं नाही. हे अकरा तुकडे तुम्ही निवडलेल्या टोपलीत होते. सगळे जस्ताचे.”

अप्पांनी बादलीत पाहिलं. मग तिच्याकडे. “कुणी टाकले?”

“तुम्ही.”

 अप्पा सावकाश उठले. चेहरा लाल झाला नाही, उलट पांढराफटक पडला.

“दगड आण,” ते म्हणाले.

“अप्पा, इथे सगळ्यांसमोर नको. आपण दोघं शेडमध्ये जाऊ.”

“सगळ्यांसमोर बोललीस ना? मग दगडही सगळ्यांसमोर येऊ दे.”

सेव्हेरोनं निवडीचा काळा दगड आणि टोपलीतले दोन-चार चांगले तुकडे आणून फरशीवर ठेवले. अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, शाळेतल्या पोरासारखे. ओतिलियानं चांगले आणि वाईट तुकडे शेजारी मांडले आणि पहिला टाकला. पिस्टन. टण्ण.

“घे,” अप्पा म्हणाले.

दुसरा. कार्ब्युरेटरचं अंग. ठप्प.

“फेक.” ते जरा ताठ झाले.

तिसरी दाराची मूठ होती. आवाज इतका मेलेला की नातीनंही ओठ चावला.

“घे.”

“बरोबर, अप्पा!” एराक्लियो पटकन म्हणाला.

ओतिलियानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनी तिला विनवलं. तिनं चौथा टाकला, झाकण, जस्ताचं.

“घे.”

“बरोबर!” एराक्लियो म्हणाला. “बघ ओती, मी म्हटलं नव्हतं?”

अप्पा वळले. त्यांच्या मिशीखाली हसू येऊ लागलं होतं. “छप्पन्न वर्षं,” ते म्हणाले.

ओतिलियाला आयुष्यात काही इतकं जड गेलं नव्हतं. तरी ती बोलली, आणि मोठ्यानं, त्यांना एकदाच ऐकू जावं म्हणून.

“नाही अप्पा. तिसरा चुकला. चौथाही चुकला. एराक्लियो खोटं बोलतोय.”

“काय बिघडलं असतं गं?” एराक्लियो ओरडला. “आजच्या दिवशी! म्हाताऱ्या माणसाला एवढं दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?”

“दोन्या मॅक्सिमाला विचार काय बिघडलं असतं.”

अप्पा गुडघ्यांवर बसले. बसताना त्यांनी सेव्हेरोचा पुढे आलेला हात झिडकारला. त्यांनी पिस्टन उचलला आणि डोकं दगडाजवळ नेऊन टाकला. मग मूठ टाकली. परत पिस्टन. परत मूठ. चार वेळा, पाच वेळा. 

“दोन्ही सारखेच वाजतात,” ते शेवटी म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. एखादा आपल्या गावी परत येऊन घर सापडत नाही म्हणेल, तसं ते म्हणाले.

त्यांनी मूठ हातात फिरवली. “पण मग हे आधी का नाही तुटले? कान काय एका वर्षात गेले माझे?”

हाच प्रश्न येऊ नये असं ओतिलियाला वाटत होतं. तिनं फेर्मिनकडे पाहिलं. फेर्मिननं टोपी चुरगाळत सगळं सांगितलं: बादली, मागचं दार, शनिवार, सात वर्षं.

“एलोदिया?” अप्पा म्हणाले.

“हो, डॉन माक्लोव्हियो.”

“आणि मला म्हणायची, तुमच्यासारखा कान अख्ख्या आपिसाकोत नाही.” त्यांनी फोटोकडे पाहिलं. “ढोंगी बाई! सात वर्षं! सात वर्षं मी तुझ्यासमोर तुकडे टाकत होतो आणि तू तिथे उभं राहून मान डोलवत होतीस!” आवाज चढला आणि मध्येच फुटला. नाती पुढे झाली तर त्यांनी तिला थांबवलं. “राहू दे. मला तिच्यावर रागावू दे. वर्षभर नुसता रडतोय, आज जरा रागावू दे.”

मग ते उठले, ह्या वेळी सेव्हेरोच्या हाताला धरून, आणि तो हात त्यांनी सोडला नाही.

“किल्ली घे तुझी,” ते म्हणाले.

सेव्हेरो हलला नाही. “किल्ली नंतर घेईन. आधी ते टेबलावर जे बोललात ते.”

“सेव्हेरो!” नाती दबक्या आवाजात म्हणाली.

“नाही, नाती. मी अठरा वर्षं त्या भट्टीसमोर भाजलोय. मला ऐकायचंय.”

अप्पांनी कोट नीट केला. “मी चुकलो. तू चोर नाहीस. भेसळ माझ्या हातानं झाली आणि आळ तुझ्यावर घातला. एराक्लियो, तूही बोल.”

“मी काय बोलू? मला काय माहीत होतं...”

“बोल.”

“चुकलं, सेव्हेरो,” एराक्लियो भिंतीकडे बघत म्हणाला.

“कोळ्याला ऐकू नाही आलं,” सेव्हेरो म्हणाला, आणि नातीला रडता रडता हसू फुटलं.

“चुकलं म्हटलं ना! आता काय पाया पडू?”

सेव्हेरोनं किल्ली उचलली. फेर्मिननं आपली टोपी डोक्यावर घातली, परत काढली, आणि जायचं की थांबायचं ते न कळून खुर्चीवर बसला.

पण ओतिलियाचं बोलणं संपलं नव्हतं. “यंदाचे सगळे प्रेस परत आणायचे,” ती म्हणाली. “बुडाशी मीच सालाचा, ९१चा छाप मारते. आई गेल्या वर्षाच्या शेवटी गेली, तिच्यानंतर जे ओतले ते सगळे त्यातलेच. ज्यांच्या बुडाला ९१ ते परत.”

एराक्लियो खुर्चीवरून ताडकन उठला. “सगळे? वेड लागलंय का? हुआमांतलाला गेलेत, त्लाक्सकोला गेलेत. नऊ तुटले, ते बदलून देऊ. बाकीच्यांना कशाला सांगायचं? उद्या बाजारात गेलं की लोक तोंडावर हसतील. आजोबांचं नाव धुळीला मिळेल.”

“नाव बुडाशी लिहिलंय, एराक्लियो. प्रत्येक कान तुटला की बाई ते वाचते.”

“आणि काय सांगणार? आमच्या अप्पांना ऐकू येत नाही?”

 नातीनं हळूच म्हटलं, “ओती, नवे देऊ असं सांगू. कारण नको सांगायला. मिश्रण बिघडलं म्हणू.” मघाशी सेव्हेरोसाठी भांडणारी नातीही आता अप्पांच्या बाजूला सरकली होती. फेर्मिनही मान हलवत होता. एकटा सेव्हेरो ओतिलियाकडे बघत होता.

“मिश्रण बिघडलं म्हटलं की लोक भट्टीवाल्याकडे बघतात,” ओतिलिया म्हणाली. “परत सेव्हेरोकडेच. आणि चूक फक्त अप्पांची नाही. मला कानशीत कळत होतं आणि मी गप्प बसले. उद्या मी जाते बाजारात. मी माझं सांगीन. अप्पांचं सांगायचं की नाही ते अप्पांनी ठरवावं.”

 अप्पांना तिचं बोलणं ऐकू गेलं होतं की नव्हतं, ते कुणाला कळलं नाही. ते आत जाऊन पडले.

सोमवारी सकाळी ओतिलियानं हातगाडीवर पोती अंथरली आणि फाटक उघडलं, तर अप्पा बाहेर उभे. तोच कोट, तीच गळ्याशी लावलेली बटणं, हातात टोपी.

“गाडी मी ढकलतो,” ते म्हणाले.

“तुम्ही यायला हवंच असं नाही, अप्पा.”

“काय?”

“काही नाही. चला.”

दोन्या मॅक्सिमाच्या टपरीवर तिची मुलगी हातानं तोर्तिया थापत होती. मॅक्सिमा स्टुलावर बसली होती, उजवा हात पांढऱ्या पट्टीत कोपरापर्यंत गुंडाळलेला. अप्पांना पाहून ती उठून उभी राहिली. बुटकी, जाडजूड बाई, पण बाजारात तिच्याशी कुणी वाद घालत नसे.

“आलात? या, या. बघायला आलात होय, शिजलाय का नीट ते?”

अप्पांनी कानामागे हात नेला. “जरा मोठ्यानं बोल, बाई.”

“मोठ्यानं? मोठ्यानं बोलू?” मॅक्सिमानं श्वास घेतला. मग जे काही बोलली ते तिसऱ्या रांगेपासून मांसाच्या दुकानांपर्यंत गेलं. आपल्या आईनं याच घराचा प्रेस चाळीस वर्षं वापरला. आपण लेकीच्या लग्नात याच घराचा दिला. विश्वासानं अंग टाकलं त्या दांड्यावर. आता दोन महिने हात धरून बसायचं, लेक लेकरू सांभाळेल की तवा? आणि माक्लोव्हियो रविवारी कोट घालून देवळात पहिल्या बाकावर! लोक जमले. मिरच्या विकणाऱ्या बायका मिरच्या सोडून आल्या.

अप्पा टोपी हातात घेऊन शेवटपर्यंत उभे राहिले. मध्ये एकदा म्हणाले, “ते लेकीचं परत सांग, मला नीट ऐकू नाही आलं,” आणि मॅक्सिमानं तेही परत सांगितलं, आधीपेक्षा मोठ्यानं.

मग ती दमली. “बोला आता. का तुटला?”

ओतिलिया पुढे झाली. “दोन्या मॅक्सिमा, कान मी घासते. धातू वाईट आहे हे मला...”

“थांब,” अप्पा म्हणाले. ते मॅक्सिमाकडे नाही, जमलेल्या लोकांकडे वळले. ऐकू न येणारा माणूस बोलतो तसे ते फार मोठ्यानं बोलले.

“माझे कान गेलेत. मी जस्त आणि ॲल्युमिनियम आवाजावरून निवडायचो, आता मला दोन्ही सारखेच वाजतात. माझी बायको चुका काढून टाकायची, ती वारली. यंदाचे सगळे प्रेस वाईट आहेत. बुडाला ९१ असेल तर वापरू नका, दांड्यावर जोर देऊ नका, माझ्या गाडीवर आणून टाका. गुरुवारी भट्टी पेटेल. निवड आता माझा जावई करेल, सेव्हेरो. ज्याला तुम्ही वेराक्रुसवाला म्हणता, तो. नवा प्रेस त्याच्या हातचा मिळेल.”

कुणी हसलं नाही. मागून एका बाईनं विचारलं, “आणि गुरुवारपर्यंत तोर्तिया कशावर दाबू?”

“काय म्हणते ती?” अप्पांनी ओतिलियाला विचारलं.

“विचारतेय, तोपर्यंत काय करू.”

“हातानं थाप, बाई. तुझी आजी थापायची.”

“माझी आजी तुमच्या बापाला शिव्या घालायची!” ती बाई म्हणाली, आणि आता मात्र बाजार हसला. अप्पांना ते ऐकू गेलं नाही, पण सगळ्यांचे चेहरे बघून तेही जरासे हसले.

मॅक्सिमाच्या लेकीनं पिठाचा हात पुसला आणि शेजारणीच्या टपरीवरचा प्रेस उलटा करून पाहिला. ९१. तिनं तो गाडीवर आणून ठेवला. मग एकेक येऊ लागले. कुणी टोपलीतून आणला, कुणी घरी जाऊन. काही बायका फक्त बूड दाखवायला आल्या, ८७, ८४, आणि अप्पांनी ते हातात घेऊन बिजागरी दोनदा उघडमीट करून परत दिले. दुपारपर्यंत गाडीवर एकतीस प्रेस झाले.  दोघं निघताना मॅक्सिमानं डाव्या हातानं कागदात गुंडाळलेल्या चार तोर्तिया ओतिलियाच्या पिशवीत टाकल्या आणि पाठ फिरवली.

परतीच्या वाटेवर गाडी जड झाली होती. अप्पा एका बाजूनं ढकलत होते, ओतिलिया दुसऱ्या. रेल्वेच्या फाटकापाशी रस्ता रुळांवर चढतो आणि डाव्या हाताला धान्याच्या कोठारांमुळे वळणापलीकडचं काही दिसत नाही. तिथे पोचल्यावर अप्पांनी गाडी थांबवली. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, परत डावीकडे पाहिलं. या रुळांवरून ते जन्मभर कुणाला न विचारता गेले होते.

“ओती,” ते म्हणाले, “शिट्टी झाली का गं?”

तिनं ऐकलं. कोठारांच्या मागून, लांबून, ती येत होती.

“झाली, अप्पा. थांबा.”

ते थांबले.